विमान एक, माणसे सात

युद्धांचे इतिहास बहुधा सेनापतींच्या नावाने लिहिले जातात आणि घराघरांतील आठवणी आपल्या एका माणसाच्या नावाने जपल्या जातात. या दोहोंच्या मध्ये एक मोठा समुदाय विस्मृतीत पडून राहतो. तो म्हणजे आपल्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या सोबत्यांचा. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांच्या बाबतीत ही विस्मृती विशेष खटकते. त्या विमानात कोणीही एकटा लढत नव्हता, एकटा परत येत नव्हता आणि बहुधा एकटा मरतही नव्हता.

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतील असंख्य घरांत आजही एक छायाचित्र सापडते. मागे चार इंजिनांचे प्रचंड विमान, पुढे विशी-बाविशीचे सात तरुण. त्यांतला एक आपला आजोबा किंवा आजीचा भाऊ. बाकीचे सहा कोण, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. मग नातवंडांपैकी कोणी तरी विचारतो, ‘डावीकडून तिसरा उभा आहे तो कोण? त्याचे पुढे काय झाले?’ आज या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे. असा शोध कसा घेतात, त्यात कोठे चकवा होतो आणि परक्या घरच्या माणसासाठी एवढे कष्ट घेण्याचे कारण काय, हे आपण एका खऱ्या उदाहरणाच्या आधारे पाहू.

प्रथम या सात जणांची ओळख करून घेऊ. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाला ‘बॉम्बर कमांड’ म्हणत. त्याचे प्रमुख विमान लँकेस्टर. त्यात सात जण असत. विमान चालविणारा पायलट, त्याच्या शेजारी इंजिनांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनियर, पडद्याआड नकाशे पसरून बसलेला नॅव्हिगेटर म्हणजे मार्गदर्शक, बिनतारी यंत्र सांभाळणारा, नाकाडात पालथा पडून बॉम्ब सोडणारा, पाठीवरच्या घुमटातला एक गनर आणि अगदी शेपटात थंडीने गारठत बसलेला दुसरा गनर. शेपटातल्या माणसाला साऱ्या प्रवासात सोबत्यांचा चेहरा दिसत नसे. कानांवर पडणारे आवाज हाच त्याचा सहवास.

ही माणसे एकत्र कशी येत, हेही ऐकण्यासारखे आहे. लष्करात सर्व काही हुकमाने होते असा आपला समज असतो. परंतु येथे प्रशिक्षण केंद्रावर वेगवेगळ्या कामांत तयार झालेल्या तरुणांना एका मोठ्या विमानघरात सोडून देत आणि ‘आपापले सोबती निवडा’ असे सांगत. कोणी कोणाचे हसणे पाहून, कोणी कोणाच्या गावाचे नाव ऐकून त्याच्याशी जोडला जाई. फ्लाइट इंजिनियर बहुधा नंतर, मोठ्या विमानांच्या प्रशिक्षणाच्या वेळी येऊन मिळे. अशा ओळखीवर त्यांनी आपले प्राण एकमेकांच्या हाती सोपविले. एका फेरीत साधारणतः ३० मोहिमा पुऱ्या कराव्या लागत. बॉम्बर कमांडमध्ये उड्डाण करणाऱ्या सुमारे १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. शंभरांत चव्वेचाळीस! या आकड्याकडे पाहिले म्हणजे छायाचित्रातील सहा अनोळखी चेहऱ्यांविषयीचा प्रश्न किती गंभीर आहे हे ध्यानात येते.

आता शोधाच्या वाटेकडे वळू. पहिली अडचण अशी की कुटुंबाला माणूस नावाने आठवतो आणि दप्तरखाना त्याला स्क्वॉड्रन, विमान व तारीख यांवरून ओळखतो. शिवाय घरी पोहोचलेले नाव बहुधा लाडके नाव असते. ‘स्पॅम’, ‘टेरी’, ‘हच’ अशा हाकेच्या नावांना सरकारी कागदांत स्थान नाही. दुसरा चकवा क्रमांकाचा. सार्जंट असलेल्या माणसाला पुढे अधिकारपद मिळाले की ब्रिटिश हवाई दलात त्याला नवा सेवाक्रमांक मिळे. हे ठाऊक नसेल तर एकच माणूस कागदांवर दोन माणसे होऊन उभा राहतो आणि शोध घेणारा त्यांतल्या एकाला अर्ध्यावर सोडून देतो.

यासाठी माणसाचा माग माणसावरून न काढता विमानावरून काढावा लागतो. उड्डाण करणाऱ्या प्रत्येकाजवळ एक उड्डाणवही असे. तीत तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, पायलटचे नाव, आपले काम आणि हवेत घालविलेला वेळ यांची नोंद असे. रात्रीच्या मोहिमा तांबड्या शाईने लिहिण्याची पद्धत होती. या वहीत सातही नावे क्वचितच असतात. पण तारीख, विमान आणि पायलट एवढे मिळाले की पुढचे दार उघडते. ते दार म्हणजे स्क्वॉड्रनची मोहीम-नोंदवही. तिचे दोन भाग असत. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा सारांश आणि फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक विमानाची हकिकत: कोणते विमान, त्यात कोण कोण, केव्हा उडाले, केव्हा उतरले, वाटेत काय झाले. विमान परत न आल्यास उतरण्याच्या वेळेचा रकाना रिकामा राही आणि शेजारी दोन-चार कोरडे शब्द लिहिले जात. या नोंदवह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. उड्डाणवह्यांचे मात्र दुर्दैव असे की युद्धानंतर ज्यांना वारसांकडून मागणी आली नाही, त्यांतल्या बहुतेक १९६० च्या सुमारास नष्ट करण्यात आल्या. म्हणूनच एखाद्या घरच्या पेटीत पडलेली वही ही त्या घराची खाजगी मालमत्ता असली, तरी तिच्यात आणखी अनेक घरांचा इतिहास दडलेला असतो.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते हे पाहण्यासाठी एक विख्यात विमान घेऊ. १६ मे १९४३ च्या रात्री ६१७ व्या स्क्वॉड्रनची १९ लँकेस्टर विमाने जर्मनीतील रूर प्रदेशाची धरणे फोडण्यासाठी निघाली. त्यांत १३३ माणसे होती. ८ विमाने परतली नाहीत. ५३ जण ठार झाले, ३ जण शत्रूच्या हाती लागले. मोहिमेचे नायक होते विंग कमांडर गाय गिब्सन. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचे आत्मवृत्त १९४६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव जगभर झाले. त्यांच्या विमानात आणखी सहा जण होते: फ्लाइट इंजिनियर जॉन पुल्फर्ड, नॅव्हिगेटर हार्लो टेरम, बिनतारीवर रॉबर्ट हचिसन, बॉम्ब सोडणारे फ्रेडरिक स्पॅफर्ड, पुढचे गनर जॉर्ज डिअरिंग आणि शेपटातले गनर रिचर्ड ट्रेव्हर-रोपर. या सहांची नावे किती जणांना ठाऊक असतील?

समजा, यांपैकी एखाद्याच्या घरच्या मंडळींनी शोध सुरू केला. ‘आमचे काका गिब्सनच्या पथकात होते’ एवढे घरात ठाऊक आहे. यावरून साहजिकच वाटेल की हे सात जण आरंभापासून अखेरपर्यंत एकत्र असावेत. नोंदवह्या निराळेच सांगतात. या सहांपैकी केवळ हचिसन यांनी पूर्वी १०६ व्या स्क्वॉड्रनमध्ये गिब्सन यांच्याबरोबर उड्डाणे केली होती. बाकीचे इतर स्क्वॉड्रनांतून येऊन मिळाले होते. धरणांच्या मोहिमेनंतर गिब्सन यांना लढाऊ उड्डाणांपासून दूर ठेवण्यात आले आणि पथक फुटले. १५ सप्टेंबर १९४३ च्या रात्री टेरम, हचिसन, स्पॅफर्ड आणि डिअरिंग हे चौघे नवे प्रमुख जॉर्ज होल्डन यांच्या विमानातून डॉर्टमुंड-एम्स कालव्यावर गेले. त्या मोहिमेतील आठ विमानांपैकी पाच पडली. होल्डन यांचे विमान नॉर्डहॉर्न गावाजवळ तोफांना बळी पडले. आतील आठहीजण गेले. राइखस्वाल्ड येथील युद्ध-स्मशानात त्यांना चिरनिद्रा लाभली आहे.

पुल्फर्ड त्या रात्री वाचले. १२ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री ते दक्षिण फ्रान्समधील अँथिऑर येथील रेल्वेपुलावरील मोहिमेत होते. ती मोहीम आटोपून त्यांचे विमान इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सुखरूप उतरले. १३ तारखेच्या सकाळी आपल्या तळाकडे जाण्यासाठी ते पुन्हा उडाले आणि ससेक्सच्या धुक्याने झाकलेल्या टेकडीवर आदळले. शत्रूच्या मुलखातून परतलेला माणूस घरच्या वाटेवर गेला! ज्या घराला ‘युद्धात मारला गेला’ एवढेच ठाऊक असेल, त्या घराची कल्पना जर्मनीच्या आकाशात भटकत राहील; कागद मात्र इंग्लंडमधील एका टेकडीकडे बोट दाखवितात.

राहिले ट्रेव्हर-रोपर. ते पुढे ९७ व्या स्क्वॉड्रनमध्ये गेले. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गवर ७९५ विमाने धाडण्यात आली. आकाश निरभ्र, अर्धा चंद्र वर. जर्मन रात्रविमानांनी दाणादाण उडविली आणि ९५ विमाने परत आली नाहीत. बॉम्बर कमांडच्या साऱ्या युद्धातील ही सर्वांत भीषण रात्र. ट्रेव्हर-रोपर त्या ९५ पैकी एका विमानात होते. त्यांची कबर बव्हेरियातील दुर्नबाख येथे आहे. शेवटी १९ सप्टेंबर १९४४ रोजी स्वतः गिब्सन हॉलंडमधील स्टेनबर्गन येथे मॉस्किटो विमान कोसळून मरण पावले. त्या दोन आसनांच्या विमानात त्यांच्या शेजारी होते नॅव्हिगेटर जेम्स वॉर्विक. दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. एका कबरीशी जग थांबते, दुसरीचे नाव वाचून पुढे जाते.

धरणांवर गेलेल्या त्या विमानातील सातांपैकी युद्धाचा शेवट एकानेही पाहिला नाही. पण श्रोतेहो, हे सत्य ‘गिब्सन’ या एका नावाखाली शोधून मिळत नाही. त्यासाठी चार निरनिराळी विमाने, चार निरनिराळ्या तारखा आणि इंग्लंडसह तीन देशांतील दफनभूमी धुंडाळाव्या लागतात. पथक ही एकदाच घातलेली गाठ नव्हती. ती सुटे, पुन्हा बांधली जाई. म्हणून शोध घेणाऱ्याने पहिला नियम हा पाळावा की अमुक रात्री अमुक विमानात कोण होते, हे प्रत्येक रात्रीसाठी स्वतंत्रपणे पाहावे. कालच्या यादीवरून आजची ओळखू नये.

दुसरी गोष्ट देशांची. या सातांपैकी टेरम कॅनडाचे, स्पॅफर्ड ऑस्ट्रेलियाचे, तर डिअरिंग स्कॉटलंडमध्ये जन्मून कॅनडाच्या हवाई दलात भरती झालेले. विमान एकच, परंतु सेवापत्रके तीन देशांत. युद्धात मरण पावलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या फायली ओटावाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात पाहावयास मिळतात, ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरातील दप्तरखान्यात. ब्रिटिश सैनिकांची पत्रके अलीकडच्या वर्षांत संरक्षण खात्याकडून क्यू येथे हलविली जात आहेत. एका देशात वाट खुंटली म्हणजे माणूस हरवला असे समजू नये. कित्येकदा कॅनेडियन सोबत्याच्या फायलीत विमान कोसळल्याची चौकशी सविस्तर सापडते आणि ती वाचून इंग्लंडमधील घराला आपल्या माणसाचा शेवट कळतो.

परत न आलेल्यांचा शोध घेण्याचे काम सर्वप्रथम हवाई दलानेच केले, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. युद्ध संपता संपता बेपत्ता माणसांच्या शोधासाठी खास पथके युरोपभर हिंडू लागली. सुमारे ४२ हजार जणांचा पत्ता लावावयाचा होता. गावचे पाद्री, शेतकरी, स्मशानाचे राखणदार यांना विचारून, चिखलात रुतलेल्या इंजिनांवरचे क्रमांक वाचून, कपड्यांवरील धोब्याच्या खुणा जुळवून या मंडळींनी निम्म्याहून अधिक जणांच्या कबरी निश्चित केल्या. येथेही पद्धत तीच होती: एका माणसाची ओळख पटली की विमान ओळखू येई आणि विमान ओळखले की उरलेल्या सहांची नावे हाती येत. सोबत्याने सोबत्याला मृत्यूनंतरही ओळख मिळवून दिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. जेथे देह निराळे करता आले नाहीत, तेथे त्यांना एकाच सामाईक कबरीत ठेवण्यात आले. आणि ज्यांची कबरच नाही, अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनजवळ रनीमीड येथील स्मारकाच्या भिंतींवर कोरली आहेत. या स्मारकाचे उद्घाटन राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते १९५३ साली झाले.

येथवर शोधाचे तंत्र झाले. पण इतिहासाला तंत्राबरोबर विवेकही लागतो. आपल्या माणसाच्या सोबत्याचा शोध घेताना दोन ठिकाणी मन घट्ट करावे लागते.

पहिले ठिकाण असे की मोहिमेच्या नोंदीत विमान वर असते. खाली कोण होते हे ती नोंद सांगत नाही. धरणे फुटली तेव्हा पुरात सुमारे १,६०० माणसे बुडाली आणि त्यांत निम्म्याहून अधिक परदेशी युद्धकैदी व सक्तीने आणलेले मजूर होते, ज्यांच्या सुटकेसाठीच हे युद्ध चालले होते असे आपण म्हणतो. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर झालेल्या हल्ल्यांत आगीच्या वावटळीने हजारो नागरिकांचा बळी घेतला. फॉर्म ५४१ वर ‘लक्ष्यावर बॉम्ब टाकले’ अशी एक ओळ येते. त्या ओळीची दुसरी बाजू जर्मन शहरांच्या दप्तरांत आहे. ती वाचल्याने त्या सात तरुणांचे धैर्य कमी होत नाही. ती न वाचल्याने मात्र आपला इतिहास अर्धा राहतो. २०१२ साली लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये बॉम्बर कमांडचे स्मारक उभे राहिले; त्यावरील लेखात बॉम्बहल्ल्यांत प्राण गमावलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचे स्मरण केले आहे. जेत्यांच्या स्मारकावर हे लिहिले जाण्यास सदुसष्ट वर्षे लागली, पण लिहिले गेले.

दुसरे ठिकाण अधिक नाजूक आहे. यादीत एखादे नाव दहा मोहिमांपर्यंत दिसते आणि अकरावीला त्याच्या जागी दुसरेच येते. का? तो आजारी पडला असेल, जखमी झाला असेल, बदली झाली असेल. क्वचित असेही असेल की त्याच्या मनाने आणखी भार सोसण्याचे नाकारले. त्या काळी अशा माणसावर ‘मनोधैर्याचा अभाव’ असा शिक्का मारून त्याला दूर करीत. शंभरांत चव्वेचाळीस मरत असताना कोणाचे मन केव्हा थकले, याचा न्याय घरी बसून करणे आपणांस शोभणार नाही. शिवाय तो आपल्या घरचा माणूस नाही. त्याची मुलेनातवंडे कोठे तरी असतील. त्यांना विचारल्यावाचून त्यांच्या वडिलांचे गुपित चव्हाट्यावर मांडू नये. रिकाम्या जागेत तर्काने शाई भरण्यापेक्षा ती रिकामी ठेवणे हा इतिहासाचा सभ्यपणा होय.

हे सर्व सातासमुद्रापलीकडचे वाटेल, परंतु त्याचे धागे आपल्या अंगणापर्यंत येतात. मुंबईचे शैलेंद्र एकनाथ सुकथनकर हे ब्रिटिश हवाई दलात नॅव्हिगेटर होते. लँकेस्टर विमानांतून त्यांनी मोहिमा केल्या आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा सन्मान मिळाला. ज्या विमानांतून त्यांनी उड्डाणे केली त्यांपैकी एक, आर ५८६८ क्रमांकाचे, आज लंडनमधील हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. त्या विमानात आपले पूर्वज होते असे सांगणाऱ्या इंग्रज किंवा ऑस्ट्रेलियन घराने सोबत्यांचा शोध घेतला, तर त्याची वाट अशा मराठी नावापाशी येऊन पोहोचू शकते.

हैदराबादच्या वाचकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या स्क्वॉड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव होते, कारण पहिल्या महायुद्धात तिची विमाने निजामांनी दिलेल्या देणगीतून आली होती. ४ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मन युद्धनौकांवर जो पहिला हल्ला झाला, त्यात या स्क्वॉड्रनची ब्लेनहाइम विमाने होती. पुढे हीच स्क्वॉड्रन हिंदुस्थानात आली आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हेंजन्स विमाने घेऊन लढली. याच व्हेंजन्स विमानांतून आपल्या हवाई दलाच्या ७ व्या व ८ व्या स्क्वॉड्रनांनी १९४४ मध्ये आराकान व इंफाळच्या लढायांत भाग घेतला. या विमानात माणसे दोनच: पुढे पायलट, मागे बिनतारी सांभाळणारा गनर. सोबती म्हणावयाचा तर एकच. पायलट पुढे मोठा अधिकारी झाला तर त्याचे नाव राहते. मागे तोंड करून बसलेल्या त्या दुसऱ्याचे नाव कोणाच्या ओठी असते? आपल्याकडील जुन्या घरांत हवाई दलाची एखादी वही, एखादे पदक, कमरेएवढ्या गवतात उभ्या असलेल्या दोन तरुणांचे छायाचित्र असेल, तर ते रद्दीत जाण्यापूर्वी त्यामागे दोन्ही नावे लिहून ठेवावीत. ज्यांना ही नावे ठाऊक आहेत, त्यांतले फार थोडे आता हयात आहेत.

परक्या घरच्या माणसासाठी हे कष्ट कशाला, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. आपला माणूस ज्या रात्री सुखरूप परतला, त्या रात्री कोणी तरी वाट अचूक काढली होती, कोणी तरी इंजिनाची आग विझविली होती, कोणी तरी शेपटात जागा राहून वेळेवर ओरडला होता. त्या जागरणामुळे तो घरी आला, त्याचे लग्न झाले आणि आज त्याच्या छायाचित्राकडे पाहणारी पिढी जन्मली. कृतज्ञता ही केवळ रक्ताच्या नात्याने ठरत नाही. आपल्याकडे पितरांना पाणी देताना ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडण्याची रीत आहे. ज्याच्या मागे शोध घेणारे कोणी उरले नाही, अशा सोबत्याचे खरे नाव, त्याची तारीख आणि त्याची जागा शोधून काढणे, ही त्याच जातीची एक ओंजळ आहे.